आधी अंदाज, मग पान: पेशीजीवशास्त्राच्या जाड पुस्तकाशी एका विद्यार्थिनीची गाठ

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, कॉलेज तालुक्याच्या गावचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला गणित सोडलेले. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यायचा म्हणून तिने ग्रंथालयातून ब्रूस अल्बर्ट्स आणि सहकाऱ्यांचे ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ घरी नेले. चौथी आवृत्ती, २००२ सालची, साडेचौदाशेच्या आसपास पाने. माझ्याकडे आली तेव्हा तिची पहिली तीन प्रकरणे वाचून झाली होती आणि चौथ्यात गाडी अडली होती. तक्रार एकच होती, “मॅडम, वाचताना सगळं कळतं. पुस्तक मिटलं की काहीच राहत नाही.”

ही तक्रार नवी नाही. त्यावर नेहमी मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: पुन्हा वाच, नोट्स काढ. तिने दोन्ही केले होते. तिच्या नोट्सची वही मी नीट पाहिली. अक्षर सुंदर, व्याख्या निळ्या शाईत, महत्त्वाचे शब्द अधोरेखित. पुस्तकातली वाक्ये थोडी लहान करून जशीच्या तशी उतरवलेली. सगळ्या वहीत एकही आकृती नव्हती, एकही आकडा नव्हता, आणि अमुक गोष्ट कशावरून कळली हे एका ओळीतही नव्हते.

मी तिला एक साधा प्रश्न घातला. पेशीबाहेर जाणारी प्रथिने आधी आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, म्हणजे ईआरमध्ये शिरतात आणि त्यासाठी त्यांच्या सुरुवातीला एक ‘सिग्नल सिक्वेन्स’ असतो, हे तिला दुसऱ्या वर्षापासून पाठ होते. व्याख्या तिने अचूक सांगितली. मग मी विचारले, “समज, परीक्षानळीत प्रथिनं घडवणारे रायबोझोम आहेत, त्यांना कृती सांगणारा संदेशक आरएनए आहे, प्रथिनाचे घटक म्हणजे अमिनो आम्ले आहेत, ऊर्जेची सोय आहे. फक्त ईआर नाही. प्रथिन बनेल का? बनलं तर ते पेशीत बनणाऱ्या प्रथिनासारखंच असेल का?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “असं कधी विचारत नाहीत, मॅडम.”

या उत्तरातच तिची अडचण होती. गाइडमध्ये निष्कर्ष असतात. चांगल्या पाठ्यपुस्तकात निष्कर्षाबरोबर तो ज्यावर उभा आहे तो प्रयोग असतो, आकृती असते, मापे असतात, आणि ‘असे नसते तर काय झाले असते’ याचा विचार असतो. ती त्या पुस्तकातून निष्कर्ष तेवढे वेचून घेत होती आणि बाकीचे गाळून टाकत होती. उरत होते ते साडेचौदाशे पानांचे गाइड. एवढे पाठ होणे कोणालाच शक्य नाही, आणि ते राहत नाही यात तिच्या स्मरणशक्तीचा काही दोष नव्हता.

बारावे प्रकरण आधी

पहिला निर्णय असा की पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचणे थांबवायचे. आम्ही एकच प्रकरण निवडले, बारावे: पेशीतले कप्पे आणि प्रथिने आपापल्या कप्प्यात कशी पोचतात. निवडीला कारणे होती. त्याला रसायनशास्त्र कमी लागते. त्यातले प्रयोग आखणीला छोटे आहेत. आणि बहुतेक निकाल जेलवरच्या, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावरच्या, पट्ट्यांच्या रूपात दिसतात. जेल तिने प्रात्यक्षिकात स्वतः चालवले होते, त्यामुळे ‘लहान प्रथिन पुढे धावते, मोठे मागे राहते’ हे तिला डोळ्यांसमोर दिसत होते.

दुसरा निर्णय म्हणजे एक नियम. प्रयोगाची मांडणी वाचायची, निकालाच्या आधी थांबायचे, खालच्या मजकुरावर कोरा कागद ठेवायचा. वहीत पेन्सिलीने लिहायचे: मला काय होईल असे वाटते, आणि का. ‘का’ लिहिल्याशिवाय कागद उचलायचा नाही.

प्रश्न कसा उभा राहिला हे आधी समजून घेतले. जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ले थोडा वेळ देऊन नव्याने बनलेल्या प्रथिनांचा माग काढला होता: आधी ईआर, मग गॉल्गी हा पुढचा कप्पा, मग स्रावी कणिका. १९७४ चे नोबेल त्यांना आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द ड्यूव यांच्याबरोबर मिळाले. वाट कळली, पण एक कोडे उरले. पेशीद्रव्यात मोकळे फिरणारे रायबोझोम आणि ईआरला चिकटलेले रायबोझोम यांत काहीच फरक नाही. मग कोणते प्रथिन ईआरमध्ये जायचे हे ठरवते कोण? ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये सुचवले की ती खूण प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकातच असावी. तेव्हा त्याला पुरावा फारसा नव्हता. १९७२ मध्ये सेझार मिलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडाची हलकी साखळी, म्हणजे त्या प्रथिनाचा लहान भाग, पेशीबाहेर, नळीत बनवली गेली तेव्हा ती नेहमीपेक्षा थोडी लांब निघाली. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे होते. ते वाचल्यावर तिने आपणहून पहिले गणित केले: सिग्नल साधारण २० अमिनो आम्लांचा, एका अमिनो आम्लाचे सरासरी वजन ११० डाल्टन (रेणूंच्या वजनाचे एकक), म्हणजे फरक सुमारे २,२०० डाल्टनचा. हलकी साखळी २५ हजार डाल्टनच्या घरातली. जेलवर एवढा फरक दिसेल का? दिसेल, थोडा पण स्पष्ट.

मग १९७५ चा ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांचा प्रयोग. पेशी फोडल्या की ईआरचे तुकडे होतात आणि ते तुकडे मिटून छोट्या बंद पिशव्या बनतात; त्यांना मायक्रोसोम म्हणतात. त्यांनी मायक्रोसोम घेतले कुत्र्याच्या स्वादुपिंडातून आणि संदेशक आरएनए घेतला उंदराच्या मायलोमा गाठीतून. मी तिला नळ्या अशा मांडून दिल्या. पहिलीत मायक्रोसोम नाहीत. दुसरीत ते सुरुवातीपासून आहेत. तिसरीत प्रथिन पूर्ण बनून झाल्यावर टाकले आहेत. प्रत्येक नळीतले प्रथिन एकदा तसेच जेलवर चालवायचे आणि एकदा प्रथिने कापणारा विकर, म्हणजे प्रोटिएज, घालून.

पहिल्या नळीचे उत्तर तिने बरोबर लिहिले: लांब प्रथिन, प्रोटिएज घातला की नष्ट. दुसरीचेही बरोबर: आखूड प्रथिन, कारण सिग्नल कापला गेला, प्रोटिएज घातला तरी शिल्लक, कारण ते पिशवीच्या आत आहे. तिसऱ्या नळीपाशी तिने लिहिले, ‘आखूड, शिल्लक. सिग्नल आहे, ईआर आहे, उशिरा का होईना आत जाणारच.’ कागद उचलला. निकाल उलटा होता. प्रथिन लांबच राहिले आणि प्रोटिएजने ते पूर्ण कापून टाकले.

ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. सिग्नलची व्याख्या तिला पाठ होती, पण त्या व्याख्येखाली तिच्या मनात एक चित्र होते: प्रथिनावर पत्ता चिकटवलेला आहे आणि तो कधीही वाचता येतो. चित्र चुकीचे होते आणि व्याख्येने ते झाकून ठेवले होते. या सस्तन प्राण्यांच्या प्रणालीत ही खूण प्रथिन घडत असतानाच ओळखली जावी लागते. साखळी पूर्ण होऊन घडी पडली आणि रायबोझोम सुटला की वेळ गेलेली असते. तिने हा अंदाज आधी लिहिला नसता तर ‘को-ट्रान्सलेशनल’ हा शब्द तिने निळ्या शाईत उतरवून पान उलटले असते.

दुसऱ्या नळीत मी आणखी एक भाग जोडला होता: प्रोटिएजबरोबर डिटर्जंटही घातले तर? तिने बरोबर लिहिले की पटल विरघळेल आणि प्रथिन नष्ट होईल. पण तिचा प्रश्न होता, “हे करायचं कशाला, मॅडम? आधीच कळलं की ते आत आहे.” मी म्हटले, “आत आहे की मुळातच न कापलं जाणारं प्रथिन आहे, हे तुला कशावरून कळलं?” नियंत्रण प्रयोग कशासाठी असतो हे तिने परीक्षेत अनेकदा लिहिले होते. त्याची गरज तिला इथे पहिल्यांदा वाटली, आणि त्यानंतर प्रत्येक प्रयोगात ती स्वतःहून विचारू लागली की इथे डिटर्जंटच्या जागी काय आहे.

पुढचा टप्पा मला स्वतःला फार आवडतो. सगळे रायबोझोम एकाच वेळी सुरू करून मायक्रोसोम थोड्या थोड्या उशिराने टाकत गेले, तर किती उशीर चालतो? प्रयोगांतून उत्तर येते: साखळी सुमारे ७० ते ८० अमिनो आम्लांची होईपर्यंत. हा आकडा तिला आधी सांगितला नाही. दोन गोष्टी दिल्या. रायबोझोमच्या आतल्या बोगद्यात साखळीची शेवटची ३० ते ४० अमिनो आम्ले लपलेली असतात. सिग्नल साधारण २० चा. तिने बेरीज केली: सिग्नल पूर्ण बाहेर डोकावायला ५० ते ६० अमिनो आम्ले तरी घडायला हवीत. म्हणजे ५० च्या आसपास खूण दिसू लागते आणि ७०-८० ला दार बंद होते. संधी फार लहान आहे. पुस्तकातला दर धरला, प्राण्यांच्या पेशीत एक रायबोझोम सेकंदाला सुमारे २ अमिनो आम्ले जोडतो, तर ही संधी काही सेकंदांची, फार तर पंधरा.

यानंतर सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, एसआरपी, समजावून सांगायची गरजच राहिली नाही. सहा प्रथिने आणि सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडांचा एक आरएनए यांचा हा कण सिग्नलला पकडतो आणि रायबोझोमचे काम तात्पुरते थांबवतो. ‘थांबवतो’ हे वाचताच ती म्हणाली, “थांबवायलाच हवं. नाहीतर ईआरपर्यंत पोचेपर्यंत ऐंशी ओलांडतील.” ही ओळ तिला कोणी पाठ करायला सांगितली नव्हती. ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले हे वाक्य तिच्या जुन्या नोट्समध्ये होते. ते कशासाठी मिळाले हे आता तिला सांगता येत होते.

काही दिवसांनी ती गोंधळून आली. त्याच प्रकरणात पुढे लिहिले होते की यीस्ट आणि जीवाणूंमध्ये काही प्रथिने पूर्ण बनल्यावरही पटलापार नेली जातात. “मग आपण शिकलो ते चुकीचं?” चुकीचे नाही, पण त्याला हद्द आहे, आणि ती हद्द पुस्तकाने स्वतःच दाखवली होती. गाइडमध्ये असे परिच्छेद गाळलेले असतात, कारण त्यावर पाच गुणांचा प्रश्न होत नाही. अशा परिच्छेदांपाशी जास्त वेळ काढावा असे माझे ठाम मत झाले आहे.

आकृत्या आणि आकडे

आकृत्यांसाठी वेगळा नियम होता. पुस्तक मिटून आकृती काढायची, मग पुस्तकाशी ताडून लाल पेनाने दुरुस्त करायची. पहिल्या आकृतीत तिने रायबोझोम ईआरच्या पोकळीत काढला. वरवर हाताची चूक, पण त्यातून कळले की पटलाच्या दोन बाजू तिच्या मनात वेगळ्या झालेल्याच नव्हत्या. ईआरची आतली पोकळी ही एका अर्थाने पेशीबाहेरच्या जगाशी जोडलेली बाजू आहे. तिथून निघालेली पुटिका, म्हणजे छोटी पिशवी, पेशीपटलाला मिळाली की आतले ते बाहेर पडते. हे एकदा आकृतीत नीट बसले की तेरावे प्रकरण, पुटिकांच्या वाहतुकीचे, तिला बाराव्याच्या निम्म्या वेळात झाले.

आकड्यांना ती घाबरत होती, पण लागणारे गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढचे नव्हते. मानवी पेशीत आई-वडिलांकडून आलेले दोन्ही संच मिळून सुमारे ६४० कोटी बेस-जोड्या, दोन जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर: डीएनएची लांबी दोन मीटरच्या वर जाते, आणि केंद्रक काही मायक्रोमीटरचे. हा गुणाकार स्वतः केल्यावर हिस्टोनांचे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांचे, प्रकरण पुढे वाचण्याचा कंटाळा गेला. ती चौथ्या प्रकरणात अडली होती ती इथेच.

त्याहून रंगलेला हिशोब ई. कोलायचा. जनुकसंच सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा. प्रतिकृती एका ठिकाणी सुरू होऊन दोन दिशांना जाते, दर सेकंदाला साधारण १,००० बेस. म्हणजे २३ लाख भागिले १,०००, जवळपास ३८ मिनिटे. पण चांगले पोषण असेल तर हा जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने २० मिनिटे हा आकडा तिने असंख्य वेळा लिहिला होता. ३८ शी त्याचे जमत नाही हे कधी जाणवले नव्हते. दोन दिवस तिने भागाकार तपासला. मग उत्तर सुचले, थोडे चाचरत: पहिली प्रतिकृती पुरी व्हायच्या आधीच दुसरी सुरू होत असेल. तसेच असते. वेगाने वाढणाऱ्या पेशीत जन्मालाच पुढच्या पिढीची प्रतिकृती चालू असते.

मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोगही आम्ही याच रीतीने पुन्हा घेतला. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्या नायट्रोजनवर आणायचे आणि सीझियम क्लोराइडमध्ये डीएनएची घनता पाहायची, हे सगळ्यांनाच येते; ‘सेमीकॉन्झर्वेटिव्ह’, म्हणजे नव्या जोडीत एक धागा जुना आणि एक नवा, हे उत्तरही येते. मी तिला तीन गृहीतके देऊन प्रत्येकाप्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या पिढीत पट्टे कुठे दिसतील ते काढायला लावले. पहिल्या पिढीत मधला एकच पट्टा दिसला की जुनी जोडी अख्खी टिकते ही कल्पना बाद होते. पण तुकड्या-तुकड्यांनी मिसळण्याची कल्पना तेव्हा बाद होत नाही. ती बाद होते दुसऱ्या पिढीत, जेव्हा मधला आणि हलका असे दोन पट्टे दिसतात. दुसरी पिढी का पाहिली, हे तीन वर्षांत तिला कोणी विचारले नव्हते.

जिथे ही रीत पुरली नाही

चौदाव्या प्रकरणात, ऊर्जेच्या रूपांतरात, आम्ही थांबलो. एटीपीचा, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असे ती धरून चालली होती. बंध तोडायला ऊर्जा लागते हे अकरावीच्या रसायनशास्त्रात आहे, पण दोन विषय तिच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होते. जलविघटनात मिळते ती ऊर्जा उत्पादिते अधिक स्थिर असतात म्हणून, आणि पेशी एटीपी व त्याचा तुटून उरलेला एडीपी यांचे प्रमाण समतोलापासून फार दूर राखते म्हणून. प्रमाण स्थितीत हा आकडा मोलमागे उणे ३०.५ किलोज्यूल, पण पेशीच्या आत तो उणे ५० च्या आसपास जातो. या फरकाचे कारण कळायला समतोल स्थिरांक आणि लॉगॅरिदम लागतात. इथे कागद झाकून अंदाज करण्याने काही होणार नव्हते. प्रकरण बाजूला ठेवले आणि तिने अकरावी-बारावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक काढले, रासायनिक समतोल आणि ऊष्मागतिकी एवढेच. त्याला वेळ लागला, आणि तो द्यावाच लागतो. जैवरसायनाचा पाया कच्चा असताना जाड पुस्तकातली ऊर्जेची पाने कितीही वेळा वाचली तरी ती उघडत नाहीत.

पंधरावे प्रकरण, पेशींमधल्या संदेशवहनाचे, वेगळ्या कारणाने जड गेले. तिथे नावांची गर्दी आहे, बाण पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक बाणामागचा प्रयोग पुस्तकाला देता येत नाही. तिथे पाठांतर लागते. पाठांतराला मी कमी लेखत नाही. वीस अमिनो आम्ले, कोणते पाण्याला धरते, कोणते टाळते, कोणावर कोणता प्रभार, हे तोंडपाठ नसेल तर सिग्नल पटलात का शिरतो हेच कळणार नाही. सुरुवातीचा कोडॉन (तीन अक्षरी संकेत) एयूजी आणि थांबण्याचे यूएए, यूएजी, यूजीए हेही तसेच. अमिनो आम्लांचे पाठांतर ती टाळत आली होती. बाराव्या प्रकरणात गरज पडली तेव्हा आठवड्यात झाले.

इंग्रजीचा अडसर तिला सुरुवातीला सर्वांत मोठा वाटत होता. वाक्ये लांब असली तरी शब्द तेच तेच येतात; प्रकरणभरात सवय झाली. बोलताना मात्र ती मला मराठीतच सांगायची, संज्ञा इंग्रजी ठेवून. अट एवढीच की ‘नियंत्रण करतं’ म्हणून सुटायचे नाही. कोण कोणाला चिकटतो, काय कापले जाते, काय थांबते, हे सांगायचे.

आवृत्ती जुनी असल्याची तिला काळजी होती. काही बाबतींत ती खरी आहे. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा आला तेव्हा ३० ते ४० हजार जनुकांचा अंदाज होता. आज प्रथिने घडवणारी जनुके २० हजारांच्या आसपास मानतात. क्रिस्परने जनुकसंपादन त्या आवृत्तीत असणे शक्यच नव्हते. पण १९७५ च्या नळ्यांचे निकाल तेच आहेत. जुनी आवृत्ती पायासाठी वापरावी आणि तंत्रांची प्रकरणे नव्या आवृत्तीतून पाहावी, एवढे पुरते. याच चौथ्या आवृत्तीचा मजकूर अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर शब्द शोधून मोफत वाचता येतो; ग्रंथालयाने पुस्तक परत मागितले त्या काळात तिने तोच वापरला. प्रश्नांचे वेगळे पुस्तकही आहे, जॉन विल्सन आणि टिम हंट यांचे. ते आमच्या ग्रंथालयात नव्हते, म्हणून प्रश्न आम्हीच तयार केले.

मायटोकॉन्ड्रियाची कसोटी

रीत अंगी लागली की नाही हे पाहायला मी तिला न वाचलेला भाग दिला. मायटोकॉन्ड्रियाची बहुतेक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात बनतात. मी एवढेच सांगितले आणि म्हटले, प्रयोग तू आख. तिने त्याच नळ्या मांडल्या, मायक्रोसोमच्या जागी मायटोकॉन्ड्रिया. उशिरा टाकलेल्या नळीपाशी ती थांबली. तिने लिहिले: ‘मायटोकॉन्ड्रियाला रायबोझोम चिकटलेले चित्रात दिसत नाहीत. म्हणून उशिरा टाकले तरी चालत असावे. पण मग घडी पडलेले प्रथिन पटलातून जाईल कसे? कोणीतरी घडी पडू देत नसेल.’ पुस्तकात तेच आहे: प्रथिन बनल्यावर आयात होते, आणि तोवर एचएसपी७० सारखी प्रथिने त्याला उलगडलेले ठेवतात.

नियंत्रण प्रयोग म्हणून तिने डिटर्जंट लिहिलेच. माझा शेवटचा प्रश्न होता की पटलावरचा विद्युत विभव नाहीसा करणारे द्रव्य घातले तर? याचे उत्तर तिला आले नाही. आयात थांबते, कारण मायटोकॉन्ड्रियाच्या सिग्नलवर धन प्रभार असतो आणि आतल्या पटलाची आतली बाजू ऋण असते. चौदावे प्रकरण बाजूला ठेवल्याचा परिणाम इथे दिसला, आणि रसायनशास्त्राचे पुस्तक पुरे करायला तिला कारण मिळाले.

त्या सत्राच्या विद्यापीठ परीक्षेत तिचे गुण विशेष वाढले नाहीत. सिग्नल हायपोथिसिसवर पाच गुणांची टीप होती. तिने नळ्या आणि जेल काढून सविस्तर लिहिले आणि पुढच्या प्रश्नाला वेळ कमी पडला. लेखी परीक्षेसाठी मोजक्या मुद्द्यांची तयारी वेगळी करावी लागते आणि आता ती परीक्षेआधीचे काही आठवडे त्यासाठी राखून ठेवते. ‘जॅम’ अजून व्हायची आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रयोगांवर आधारलेले प्रश्न ती आधी सोडून द्यायची. आता ते आधी सोडवते.

सध्या तिची एक वर्गमैत्रीणही बरोबर वाचते. दोघी अंदाज स्वतंत्र लिहितात, मग कागद उचलतात. पाचवे, सहावे आणि सातवे झाले, सतरावे चालू आहे, पेशीचक्राचे. टिम हंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलला समुद्री अर्चिनच्या अंड्यांत पाहिले की एक प्रथिन हळूहळू वाढते आणि दर विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होते; तेच सायक्लिन. प्रश्न असा होता की नष्टच होऊ शकणार नाही असे सायक्लिन पेशीत घातले तर काय होईल? एकीने लिहिले, पेशी विभाजनाकडे जाणारच नाही. दुसरीने लिहिले, पुन्हा पुन्हा विभागत राहील. निकाल तिसराच निघाला: पेशी विभाजनाच्या अवस्थेत शिरते आणि तिथेच अडकते, कारण बाहेर पडायला सायक्लिन नष्ट व्हावे लागते. दुसरीचा अर्धा विचार बरोबर होता. पहिलीने सायक्लिनला विभाजन रोखणारे धरले होते, ते का, हे त्या दोघी आता तिच्या ‘का’च्या ओळीवरून शोधत आहेत.